घरात पाणी लागतं

परळ, ८ जुलै

धम्मा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचून गप्प बसायचास, आता तर माझा नंबरच ब्लॉक केलायस. पत्र ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे तुझ्या बंगळूरच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. पाकिटावरचं अक्षर ओळखशीलच. चौथीत तुझं शुद्धलेखन ह्याच अक्षरात लिहिलेलं असायचं आणि 'छान' शेरा तू मिरवायचास.

भांडायला लिहीत नाही. मागच्या पावसाळ्याबद्दल बोलायचंच नाही मला. तुझ्या आमूला डेंग्यू झाला, महापालिकेच्या माणसांना आपल्या गॅलरीतल्या पिंपात अळ्या सापडल्या, तू अण्णांना नाही नाही ते बोललास, बदली मागून घेतलीस आणि दर्शनाला नि आमूला घेऊन गेलास. झालं ते झालं. अण्णा बरे आहेत. मीही बरी आहे.

लिहायचं कारण म्हणजे एक पुस्तक. दादरच्या आमच्या वाचक मंडळात दर महिन्याला एकाने पुस्तकावर बोलायचं असतं, ह्या खेपेला माझी पाळी. पुस्तक आहे एका ज्यू बाईचं आत्मचरित्र, मराठीत आलेलं. रिव्का तिचं नाव. पोलंडमधल्या एका खेड्यातल्या शिंप्याची मुलगी. नाझींनी घरचे सगळे मारले, छळछावणीतून ही एकटी जिवंत सुटली, आणि म्हातारपणी एकदाचं लिहून काढलं. मी म्हटलं, दोन संध्याकाळींचं काम आहे. इतकी वर्षं मुलांना धडे शिकवले, त्यातलाच हा एक.

पण हे पुस्तक मला बसू देत नाही, धम्मा. दोन पानं वाचते आणि उठते. पुसलेला ओटा परत पुसते. खिडकी उघडते, लावते. काल मिरची आणायला लालबागला गेले आणि मिरची गल्ली मागे टाकून थेट चिंचपोकळीच्या पुलापर्यंत चालत गेले. तिथे उभी राहून आठवलं की आपण मिरची आणायला निघालो होतो. तशीच परत आले. रडू येत नाही, तेवढं आलं असतं तर मोकळी झाले असते.

हे सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून तुला सांगतेय. वाच किंवा फाड.

वैशालीताई


परळ, १५ जुलै

धम्मा,

आज वर्गात गंमत झाली. गंमत कसली म्हणा.

छावणीत त्या लोकांना रोज पहाटे थंडीत उभं करून मोजायचे. नावं नाहीत, नुसते नंबर. रिव्काने लिहिलंय की सुटून आल्यावर कोणी नावाने हाक मारली तर तिला वळायचं सुचायचं नाही. हे डोक्यात असताना मी हजेरी घ्यायला लागले. एक, दोन, तीन. आणि तोंड बंद. पुढचा आकडा निघेचना. मुलं बघतायत, बाईंना झालं काय. मग मी प्रत्येकाचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. निम्मा तास त्यातच गेला. शेवटच्या बाकावरची एक पोर म्हणते, "बाई, माझं परत एकदा घ्या ना, छान वाटतं." मला वाटलं आता वर्गातच रडणार मी, पण नाही रडले. उद्या हेडबाई विचारतील पोर्शन का मागे पडला, तेव्हा काय सांगू ते बघते.

आता खरी गोष्ट. मोतीबिंदू काढूनही अण्णांना बारीक अक्षर दिसत नाही. मी पुस्तक घेऊन सारखी ऊठबस करतेय हे ते बघत होते. परवा म्हणाले, "काय आहे गं त्याच्यात? वाच मोठ्यानं." मी म्हटलं, तुम्हाला झेपणार नाही. तर म्हणतात, "मला काय झेपत नाय ते तू सांगणार?" मग चहा झाला की रोज वाचायला लागले. ते कॉटवर भिंतीला टेकून ऐकतात. मधूनच विचारतात, "मग तुझी ती रिव्काबाई पुढे काय म्हणते?" असं विचारतात की वाटावं बाई खालच्याच मजल्यावर राहते.

काल एक प्रकरण आलं. युद्ध संपून बरीच वर्षं झालीयत. रिव्का अमेरिकेत आहे, लग्न झालंय, पोटाला भरपूर आहे. तरी ती पाव साठवते. उशीखाली पाव, शिवणयंत्राच्या खणात पाव, कोटाच्या खिशात पाव. घरात उंदीर होतात. मुलगा चिडतो, एक दिवस सगळे तुकडे गोळा करून बाहेर फेकतो. ही त्याच्या थोबाडीत मारते. का मारलं ते सांगत नाही. सांगता येतच नाही तिला.

मी वाचता वाचता थांबले. माझी नजर आपोआप गॅलरीत गेली.

तुला ते निळं पिंप आठवतं ना? आठवणारच, त्यावरूनच तर महाभारत झालं. चाळीत होतो तेव्हा सगळेच पाणी भरायचे, कोणाला वेगळं वाटलं नाही. टॉवरमध्ये आलो, नळाला चोवीस तास पाणी, तरी अण्णा उठले की आधी पिंप, मग हंडा, मग कॉटखालच्या बाटल्या. आई होती तोवर ती हसायची, "ह्यांनी गेल्या जन्मी टँकर चालवला असणार." तू ओरडायचास, मी समजवायचे, आणि अण्णांचं एकच उत्तर: "घरात पाणी लागतं."

आपल्यापैकी कोणीही एकदाही विचारलं नाही की एवढं कशाला लागतं.

अण्णांनी विचारलं, "थांबलीस का?" मी म्हटलं, घसा सुकला. ते उठले आणि मला पाणी दिलं. तांब्या भरून.

वैशालीताई


परळ, २२ जुलै

धम्मा,

दादरचा कार्यक्रम झाला. मी बोललेच नाही. म्हणजे उभी राहिले, टिपणं हातात होती, आणि माती खाल्ली.

झालं असं की माझ्या आधी एक गृहस्थ प्रास्ताविक करायला उठले. पांढरा झब्बा, गोड आवाज. म्हणाले, "हे वाचताना सारखं वाटत होतं, आपण किती भाग्यवान. आपल्या मातीत माणसाने माणसाला असं कधीच वागवलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. एक बाई तर डोळे पुसत होत्या.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तू म्हणशील, ताई, त्यांचं वेगळं आणि आपलं वेगळं. मला ते कळतं रे. रिव्काचं दुःख तिचं आहे, त्याला मी आपली फूटपट्टी लावत नाही. पण 'कधीच नाही' म्हणजे काय? हे विचारायला मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की माझ्याजवळ सांगायला काही नाही. पुस्तकातलं, भाषणातलं, सगळ्यांचं सांगता आलं असतं. आपल्या घरातलं एक अक्षर ठाऊक नाही.

साधं गाव माहीत नाही आपल्याला. शाळेत सगळे विचारायचे, गाव कुठलं? कोणी खेड म्हणायचं, कोणी मालवण, कोणी पाटण. तू म्हणायचास परळ, आणि पोरं हसायची. गणपतीला, शिमग्याला अख्खी चाळ रिकामी व्हायची, आपण चौघं तेवढे जिन्यात पत्ते खेळत बसायचो. अण्णांना विचारलं की म्हणायचे, "बाबासाहेबांनी सांगितलं गाव सोडा, सोडलं. विषय संपला."

तर मी तिथे उभी, सगळे बघतायत, आणि मी म्हटलं, "मला बरं वाटत नाही," आणि खाली बसले. नंतर ते झब्बेवाले आस्थेने लिंबू सरबत घेऊन आले. माझ्या हातून सांडलं. मुद्दाम नाही. बहुतेक.

घरी आले तर अण्णा पुस्तकाचीच वाट बघत होते. शेवट ऐकायचा होता त्यांना. शेवटी असं आहे की रिव्काचा मुलगा पुढे घरी येईनासा होतो. ती लिहिते, पाव टाकून द्यायला मी रोज उठते आणि रोज परत बसते, तो आला तर त्याला काय सांगू हेच मला ठरवता येत नाही. तिथेच पुस्तक संपतं.

अण्णांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मिटून उशाशी ठेवलं. मग म्हणाले, "बाईनं पाव टाकला असता तर पोरगा आला असता?"

मी म्हटलं, मला काय माहीत अण्णा.

"तू मास्तरीण ना?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

वैशालीताई


परळ, १ ऑगस्ट

धम्मा, आनंदाची बातमी!

अण्णांनी पिंप रिकामं केलं. स्वतःच्या हाताने. मी शाळेतून आले तर गॅलरी कोरडी, पिंप आडवं, आणि ते घासणीने आतून घासतायत. हंडा पालथा. कॉटखालच्या बाटल्या भंगारवाल्याला देऊन टाकलेल्या. मला म्हणाले, "धम्माला कळव. घरात आता साठवलेलं पाणी नाय. आमूला घेऊन यायला सांग."

मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. त्यांना म्हटलं, अण्णा, वयाच्या ह्या टप्प्यावर तुम्ही सुधारलात! ते हसले नाहीत, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

आता तुझं काय म्हणणं आहे? ज्या कारणासाठी गेलास ते कारण उरलं नाही. डास नाहीत, अळ्या नाहीत. जेवण जरा कमी झालंय त्यांचं, पण ह्या वयात व्हायचंच. गणपतीची सुट्टी लागते आहे. आपल्या घरी गणपती नसला तरी लालबागची गर्दी बघायला आमू हट्ट करायची, त्या निमित्ताने तरी ये.

पिंप मी खालच्या वॉचमनला देऊन टाकणार आहे.

वैशालीताई


परळ, १० ऑगस्ट

धम्मा,

दर्शनाचा फोन आला होता. तुझ्या नकळत केला, तिला बोलू नकोस. म्हणाली, तू पत्रं ऑफिसातून घरी आणत नाहीस, खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचतोस आणि मग वर येतोस. म्हणजे वाचतोस. मग आता खरं लिहिते.

अण्णा बरे नाहीत. मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. तू यावंस म्हणून गोड गोड लिहिलं.

पिंप रिकामं झालं त्या दिवसापासून त्यांना स्वस्थता नाही. नळ उघडायचा, धार आली की बंद करायचा, कॉटवर जायचं, बसायचं, परत उठून नळ उघडायचा. दिवसभर हेच. चौदाव्या मजल्यावरून खाली वाकून पाण्याचा टँकर आला का बघतात. मी रागावले, "अण्णा, येतंय ना पाणी, कितीदा बघाल?" तर लगेच, "हो हो, येतंय," म्हणतात आणि माझी पाठ वळली की परत नळाशी.

गेल्या मंगळवारी मोरीच्या दाराशी चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी सलाइन लावलं. मला विचारतात, "आजोबा पाणी पीत नाहीत का?" मी म्हटलं, छे हो, ह्यांचं सगळं आयुष्य पाण्यात गेलंय. घरी आल्यावर नीट लक्ष ठेवलं. धम्मा, ते खरंच पीत नव्हते. मी भरून दिलेला तांब्या जसाच्या तसा झाकून ठेवत होते. मी ओरडले त्यांच्यावर. म्हातारा माणूस, नुकताच सलाइन काढून आलेला, आणि मी ओरडले. तेव्हा म्हणाले, "पिंप नाय आता. मी प्यालो आणि कमी पडलं म्हंजे?"

"कोणाला कमी पडेल अण्णा? आपण दोघंच आहोत."

"ठमीला," म्हणाले.

ठमी कोण हे मला ठाऊक नव्हतं. तुलाही ठाऊक नाही. ती अण्णांची धाकटी बहीण. आपली आत्या.

त्यांनी एका दमात नाही सांगितलं. मधेच उठायचे, नळाकडे जायचे, मी हाताला धरून बसवायचे. मी सलग लिहिते.

बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच्या पुढच्या वैशाखातलं आहे हे. वस्तीने ठरवलं, गावातली मेलेली गुरं ओढायची नाहीत. गावाने काम बंद केलं, दुकान बंद केलं, आणि एक दिवस वस्तीच्या विहिरीत मेलेलं वासरू टाकलं. "आमी ओढत नाय म्हणालो ना. मग त्यांनीच ओढून आणून टाकलं." आपले आजोबा इथे मुंबईत गिरणीत. गावी आजी, अण्णा आणि ठमी. अण्णा आमूपेक्षा थोडे मोठे असतील, ठमी आमूपेक्षा लहान. ठमीला ताप भरला. ती सारखी पाणी मागत होती. आजी तिला सोडून उठेना, म्हणून अण्णा कळशी घेऊन डोंगरापलीकडच्या झऱ्यावर गेले. भरून येताना वाटेत गावातली माणसं बसली होती. त्यांनी मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. कळशी हातातून घेतली, उलटी केली, आणि परत हातात दिली. अण्णा म्हणाले, "एक जण तर म्हणाला, जा बाळा घरी, ऊन लागेल."

ते घरी गेले नाहीत. परत झऱ्यावर गेले, परत भरली, आणि रानातून लांबच्या वाटेने आले. कळशी भरलेली होती. "पानी आणलं मी," एवढंच म्हणाले. "प्यायला ती नव्हती."

हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मग आत्ताच का? तर म्हणाले, "त्या रिव्काबाईनं पोराला सांगितलं नाय. बसली पाव घेऊन. तिला वाटलं पोराला कळंल. पोराला कसं कळंल?"

धम्मा, तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. शपथ. पण मला ते आता डोळ्यांपुढून हलत नाही. आमू हॉस्पिटलात तापाने फणफणलेली, आणि अण्णा बाहेरच्या बाकावर घरून भरून आणलेली बाटली मांडीवर घेऊन बसलेले. सिस्टर त्यांना आत सोडत नव्हती. आपण दोघं म्हणालो, म्हाताऱ्याचं हे काय खूळ. आणि तुम्ही निघालात त्या दिवशी, गाडीत आमूला लागेल म्हणून त्यांनी तीच बाटली पुढे केली. तू ती घेतलीस, बेसिनमध्ये उलटी केलीस, आणि परत त्यांच्या हातात दिलीस.

तुला माहीत नव्हतं. मी शेजारीच उभी होते, मलाही माहीत नव्हतं.

गावाचं नाव त्यांनी मला सांगितलं. मी इथे लिहीत नाही. त्यांच्या तोंडून ऐक.

ताई


परळ, १३ ऑगस्ट

धम्मा,

काल एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे कोणी बोलत नव्हतं, पण मागून आमूचा आवाज येत होता, कोणत्या तरी पेन्सिलीवरून भांडत होती. मी फोन अण्णांच्या कानाला लावला. ठेवला गेला तरी ते कानाला लावूनच बसले होते. नंतर त्यांनी अर्धा पेला पाणी प्यायलं. अर्धाच, पण प्यायलं.

म्हणून घाईने हे लिहितेय, स्पीड पोस्टने. तू येशील असं मी धरून चालले आहे. नाही आलास तरी मी तसंच धरून चालेन, मला आता दुसरं काही सुचत नाही.

पिंप मी वॉचमनकडून परत आणलं. नवीन झाकण आणि खाली छोटा नळ बसवून घेतलाय, वरून जाळी घट्ट बांधलीय, आठवड्यातून एकदा आम्ही दोघं मिळून कोरडं करतो. एक अळी सापडली तर मला धर. अण्णांनी जाळीची गाठ माझ्याकडून पुन्हा सोडून बांधून घेतली, "नीट बांध, पोर यायची आहे."

एकच मागणं आहे. आलास की माफी मागत बसू नकोस, रडू नकोस, ठमीचं नाव काढू नकोस. ते काढतील तेव्हा काढतील. मिठी मारायला गेलास तर ते गोंधळतील, आपल्या घरात ती सवय नाही. चपला काढ, आत ये, बस. मी स्वयंपाकघरात असेन, बाहेर येणार नाही.

आमूला आधी शिकवून ठेव. दारातून आत आल्या आल्या तिने अण्णांकडेच जायचं आणि म्हणायचं, आजोबा, तहान लागलीय.

ताई